जसंच्या तसं

कूर,
शुक्रवार, १० जानेवारी

लाडक्या आणि फोन न उचलणाऱ्या टेल्मोदादा,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा, दहा दिवस उशिरा. उशीर माझ्यामुळे नाही. बारा वेळा फोन केला मी तुला, मोजून. शेवटी म्हटलं पत्रच लिहू. हे गाश्पारच्या व्हॅनमधून येतंय. तो अजूनही दर शनिवारी इथून निघतो, सोमवारी तिकडे पोर्तुगालमध्ये तुझ्या शावेशला पोचतो आणि गुरुवारी सॉसेज, वाइन, चेस्टनट असं सगळं भरून परत कूरमध्ये हजर. त्याला सांगितलंय की पाकिटात लोकरीचे मोजे आहेत. मोजे खरंच आहेत. घाल.

आम्ही सगळे मजेत. आईचा गुडघा सोडून. माझी नोकरी तीच, कानाच्या मशीनच्या दुकानात. दिवसभर आजी-आजोबांच्या कानात मशीन बसवायचं आणि विचारायचं, "आता नीट ऐकू येतंय ना?" मला जाम आवडतं.

आता मोठी बातमी. बाबा पोर्तुगालला परत जातायत. कायमचे.

मार्चमध्ये त्यांना साठ पूर्ण होतात आणि बांधकामवाल्यांची पेन्शन इथे स्वित्झर्लंडमध्ये साठीलाच सुरू होते, ते तुला माहितीये. पण आईची नोकरी संपेपर्यंत, म्हणजे अजून चार वर्षं, इथेच राहायचं असं ठरलेलं ना? तर डिसेंबरमध्ये एके दिवशी बाबा एकटेच नगरपालिकेत गेले, खिडकीपाशी उभे राहिले आणि जर्मनमध्ये सांगून आले, एकतीस मार्चला मी देश सोडतोय, माझं नाव काढा. एकटे, दादा! ज्या माणसाने वीस वर्षांत मला किंवा तुला सोबत घेतल्याशिवाय पोस्टाचं तिकीटसुद्धा घेतलं नाही! घरी आले आणि कोट न काढताच आईला म्हणाले, "झालं काम. चल, पेट्या काढ."

"कुणाच्या पेट्या?" आई म्हणाली.

तेव्हापासून आपल्या जेवणाच्या टेबलावर दोन देशांची लढाई चालू आहे. बाबा म्हणतात, "आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली, आता स्वतःच्या घरात झोपू दे की." आई म्हणते, "तुझा देश ऑगस्टच्या सुट्टीत असतो, आर्मिंदो. बाकीचे अकरा महिने तिथे कोण राहतं माहितीये? कुलूप."

मग मी काय केलं, तर यादी केली. हसू नकोस! मोठा कागद, मधे रेघ, डावीकडे स्वित्झर्लंड, उजवीकडे पोर्तुगाल. कुठलं जगणं चांगलं ते एकदाचं कागदावर येऊ दे. डावी बाजू मी भरली. गाड्या मिनिटावर. रस्त्यावरच्या कारंजाचं पाणीसुद्धा पिता येतं. पण रविवारी डब्यात काचेची बाटली टाकली तरी आवाज झाला म्हणून शेजारी खिडकीत येतो. इमारतीच्या मशीनवर कपडे धुवायची पाळी चौदा दिवसांनी, गुरुवारी, आणि त्या दिवशी आई आजारीसुद्धा पडू शकत नाही. शेजारी अकरा वर्षं जिन्यात नाव घेऊन नमस्कार करतात, पण दाराच्या आत एकदाही कुणी आलं नाही. बघ, मी प्रामाणिकपणे लिहिलंय. वाईटही लिहिलंय.

उजवी बाजू तू भर. मला ऑगस्टचे आकडे नकोत. जानेवारीचे हवेत. देओलिंदामावशीकडून किल्ली घे आणि विलारिन्योला आपल्या घरी जा. तू पाच वर्षांत त्या घरात पाय ठेवला नाहीस, माहितीये मला. पण बाबा इथे आहेत, कुणाला कळणार नाही. आत थंडी किती आहे ते मोजून सांग. बाजारात भाजी काय मिळते, बस किती वाजता, फॅमिली डॉक्टर लगेच मिळतो की नाव लिहून वाट बघायची? तज्ज्ञाकडे नंबर लागायला किती महिने? समजा छातीचा मोठा फोटो काढायचा झाला, तो मशीनमध्ये झोपवून काढतात तो, तर शावेशमध्ये होतो की पोर्तोला जायला लागतं? ऑपरेशनला किती थांबायला लागतं? म्हणजे गुडघ्याच्या वगैरे. आईसाठी विचारतेय.

लवकर लिही. गाश्पार गुरुवारी येतो.

सगळं कागदावर मांडणारी,
झेलिया

ता. क. बाबांना खोकला आहे थोडा. डिसेंबरमध्ये दाखवून आलो. विशेष काही नाही.


कूर,
शुक्रवार, १७ जानेवारी

टेल्मोदादा,

चेस्टनटच्या पिशवीतून तुझी चिठ्ठी निघाली. आई पिशवी उघडत होती, मीच झडप घातली. म्हटलं, "आई, मी भाजते आज." आईला संशय आला, कारण मी आयुष्यात काही भाजलेलं नाही.

तर तू गेलास. दिवाणखान्यात सहा अंश! सहा! इथे आमच्या फ्रीजमध्ये पाच असतात. उत्तरेच्या भिंतीला बुरशी. आणि तू लिहिलंयस की छप्पर मात्र एकदम मजबूत आहे. असणारच. बाबांनी ते इथल्यासारखं उभ्या उताराचं बांधलं, बर्फ घसरून पडावा म्हणून, आणि तिथे बर्फ पडतो वर्षातून दोनदा आणि दुपारपर्यंत वितळतो. गावात अजूनही हसतात ना? मागच्या ऑगस्टमध्ये मावशी बाबांना म्हणाली, "आर्मिंदो, तुझं घर वर बघत बसलंय रे, स्वित्झर्लंडहून बर्फ कधी पार्सल येतोय त्याची वाट बघत." बाबा पण हसले. पण रात्री मला म्हणाले, "झेलिया, मला दुसरं छप्पर येतच नाही बांधायला."

तुझ्या खोलीतल्या पलंगावर अजून दुकानाचं प्लास्टिक आहे, हे तू एकाच ओळीत लिहिलंस. मी ती ओळ तीनदा वाचली.

डॉक्टरांची माहिती पण मिळाली. फॅमिली डॉक्टर नाही, नाव लिहून ठेवायचं. तज्ज्ञाला चार-पाच महिने. मोठ्या फोटोला वेगळी चिठ्ठी, वेगळी रांग. मी सगळं उजवीकडे लिहून टाकलं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही, ते पण लिहिलं. तो मुद्दा बाबांना फार आवडला.

आणि मग शेवटी तू खाली रेघ मारून विचारलंयस, "डॉक्टर काय म्हणाला?"

ह्याचं उत्तर मनात जुळवण्यात तीन संध्याकाळी गेल्या, दादा. म्हणजे, तुझी चिठ्ठी कालच आली, पण हा प्रश्न येणार हे मला आधीपासून माहीत होतं.

तुला आठवतं, मी कामाला कधी लागले? दुभाषी म्हणून? नऊ वर्षांची होते. तू चौदाचा. जुलै महिना, तुझी शाळेची सुट्टी, बाबा तुला साइटवर घेऊन गेले होते, मुकादमाशी बोलायला. मुकादम म्हणाला, "सांग तुझ्या बापाला, ह्याच्या पगारात मला दोन तरणे मिळतील. ह्याला ठेवलाय कारण ह्याला शिव्या कळत नाहीत." बाबा म्हणाले, "काय म्हणतोय? जसंच्या तसं सांग." आणि तू सांगितलंस. सगळ्यांसमोर. एक शब्द इकडे-तिकडे न करता. थप्पड तुला बसली आणि मुकादम हसत राहिला. त्या रात्री जेवताना बाबा तुझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून झेलिया येईल सोबत."

मी काय शिकले असेन त्यातून, तूच सांग. घरमालक म्हणाला, तुमच्या माशांचा वास जिन्यात येतो. मी बाबांना सांगितलं, तो म्हणतोय वास छान येतो. दुसऱ्या दिवशी आईने त्याला ताटभर मासे नेऊन दिले. बिचारा काय बोलणार, खाल्ले. माझ्या बाईंनी सांगितलं, मुलगी वर्गात खोटं बोलते. मी सांगितलं, बाई म्हणतायत मुलगी बोलकी आहे. तू खरं बोलून घराबाहेर गेलास आणि मी खोटं बोलून लाडकी झाले. तुझं शिक्षण संपलं त्या आठवड्यात तू बस पकडलीस, तेव्हा मी खिडकीतून हात पण केला नाही, कारण बाबा बाजूला उभे होते. सॉरी. हे कधीच म्हटलं नव्हतं मी.

बारा डिसेंबरला मोठ्या हॉस्पिटलात गेलो होतो. डॉक्टरांनी आधीच विचारलं, दुभाषी बोलवू का, आमच्याकडे माणूस आहे. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माणूस कशाला? ही आहे ना." डॉक्टर अगदी सावकाश बोलले, मला पाठ आहे. डाव्या फुप्फुसात गाठ आहे. चांगली नाही. पण लहान आहे आणि जागा सोपी आहे. महिन्या-दीड महिन्यात काढली तर आशा भरपूर आहे. थांबलो तर ती थांबणार नाही.

बाबा टोपी हातात धरून माझ्याकडे वळले. "काय म्हणतोय?"

बाबांचा चेहरा, दादा. शाळेतल्या मुलासारखा.

मी म्हटलं, "इतक्या वर्षांची सिमेंटची धूळ साचलीये म्हणे. आराम करा. चांगल्या हवेत राहा."

बाबा हसले. उठून डॉक्टरांचा हात दोन्ही हातांनी दाबला. डॉक्टर मला हळूच म्हणाले, "फार धीराचा माणूस आहे तुझा बाबा." "आता काय म्हणाला?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं, "नाताळच्या शुभेच्छा देतायत."

मी नाताळनंतर सांगणार होते. खरंच. फक्त एक नाताळ नीट होऊ दे म्हटलं. पण "चांगली हवा" म्हटल्यावर बाबांच्या डोक्यात काय आलं असेल? विलारिन्यो. दुसऱ्याच दिवशी ते नगरपालिकेच्या खिडकीशी होते. कळलं आता तुला, ते एकटे का गेले? मला सरप्राइज द्यायचं होतं त्यांना. घरी आल्यावर माझ्या कानात म्हणाले, "डॉक्टरचं ऐकलं मी. आईला आत्ता नको सांगू, काळजी करेल."

आठ जानेवारीला त्यांना ॲडमिट व्हायचं होतं. मी फोन करून पुढे ढकललं. ह्या घरात सगळी जर्मन पत्रं मीच उघडते, त्यामुळे कुणाला काही कळत नाही. हॉस्पिटलची पाकिटं माझ्या स्कीच्या बुटांत आहेत. नवी तारीख एकतीस जानेवारी, शुक्रवार, सकाळी नऊ. नर्स म्हणाली, ह्यापुढे ढकलू नका. आणि एकतीस मार्चला बाबांचा इथला विमा संपतो. त्यानंतर तुझ्या त्या रांगा.

म्हणून यादी. आता तुला कळलं यादी कशासाठी होती. मला वाटलं, कागदावर स्वित्झर्लंड जिंकला तर बाबा थांबतील, आणि थांबले की मग बाकीचं हळूहळू सांगता येईल. मूर्खपणा आहे, माहितीये. आत्तापर्यंत स्कोअर सतरा-नऊ आहे आणि बाबा म्हणतात, "नऊवालाच चांगला."

काय करू सांग. फोन उचलत नाहीस तर लिही.

झेलिया


कूर,
शुक्रवार, २४ जानेवारी

दादा,

तुझं उत्तर तीन शब्दांचं. "सांग त्यांना. आजच." काल संध्याकाळी गाश्पारने माझ्या हातात दिलं आणि मी जिन्यातच वाचलं, कोट घालून. मग वर गेले आणि सांगितलं.

जसं झालं तसं लिहिते. काही गोड करणार नाही.

आई बटाटे सोलत होती. बाबा टेबलापाशी, समोर माझी यादी, पेन्सिल घेऊन उजव्या बाजूला काहीतरी लिहीत होते. मी म्हटलं, "बाबा, डॉक्टरांनी धुळीचं काही म्हटलं नव्हतं. ते मी बनवलं. तुमच्या फुप्फुसात गाठ आहे. पुढच्या शुक्रवारी ॲडमिट व्हायचंय." एका दमात. स्कीचे बूट आणले आणि पाकिटं टेबलावर ओतली.

आईचा सुरीचा हात थांबला. बाबांचा नाही. त्यांनी आपलं वाक्य पूर्ण लिहिलं. मग पेन्सिल ठेवली आणि आईला म्हणाले, "छान. ही तुझी आयडिया का, लुर्देश?"

"मला आत्ता कळतंय, आर्मिंदो." आईचा आवाज असा होता की मला तिच्याकडे बघवेना.

"तीन आठवडे हिची यादी चालू आहे. गाड्या मिनिटावर, पाणी चांगलं, डॉक्टर चांगले. मी ऐकलं नाही. आता काय, मला गाठ झाली! पुढच्या आठवड्यात काय होणार मला, झेलिया? प्लेग?"

"बाबा, रिपोर्ट बघा ना."

"जर्मन कागद आहे. तू वाचशील तसा तो बोलणार."

मी मोबाईल काढला, कागदावर धरला, पडद्यावर पोर्तुगीज अक्षरं आली. त्यांनी चष्मा लावून बघितलंसुद्धा. मग म्हणाले, "फोन पण तुझाच."

आई उठली. "पोरीचा चेहरा बघ तरी! खोटं बोलतेय असं वाटतंय तुला?"

"डिसेंबरमध्ये पण हाच चेहरा होता," बाबा म्हणाले.

मी तेरा वर्षं त्यांना जे जे सांगितलं ते सगळं त्यांनी मानलं, आणि पहिल्यांदा खरं सांगितलं ते नाही मानलं. मी म्हटलं, हॉस्पिटलचा माणूस दुभाषी म्हणून येऊ दे. तर म्हणाले, "परक्या माणसासमोर?" मग खोकला आला. बराच वेळ. आईने पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं, पण तिच्याकडे न बघता.

मग खिडकीशी गेले. पाठ आमच्याकडे. आणि म्हणाले, "घरमालकाला खरंच आवडले होते का ते मासे?"

मी म्हटलं, "नाही."

"आणि तुझ्या बाई?"

"त्या म्हणाल्या होत्या, मी खोटं बोलते."

आई रडायला लागली. बाबा नाही. ते काचेवर बोट फिरवत होते, गवंडी भिंत बघतात तसं. म्हणाले, "ह्या घरात मला एकानेच जसंच्या तसं सांगितलं. आणि त्याला मी काय दिलं?"

तुझं नाव नाही घेतलं, दादा. पाच वर्षं झाली, जिभेला सवय नाही राहिली. पण रात्री झोपायला जाताना माझ्या दारात थांबले. "त्याला वाचता येईल ना अजून जर्मन?"

"येईल, बाबा."

"त्याने वाचून सांगितलं तर मानेन. गाठ म्हणाला तर गाठ. धूळ म्हणाला तर धूळ. तू काही शिकवू नकोस त्याला."

मी शिकवत नाहीये. रिपोर्टची कॉपी ह्याच पाकिटात आहे, पूर्ण चार पानं, मी कुठेही रेघ मारलेली नाही. वाचून तुला वेगळं काही वाटलं तर वेगळं सांग. तुझी नोकरी आहे, तुला सुट्टी मिळेल की नाही मला माहीत नाही. तुला यायचंय का, हे मी विचारत पण नाही, कारण तू नाही म्हणालास तर तो तुझा हक्क आहे. पण तू नाही आलास तर ते एकतीस जानेवारीला त्या हॉस्पिटलात जाणार नाहीत आणि एकतीस मार्चला त्या सहा अंशांच्या घरात जाऊन बसतील, चांगल्या हवेत. एवढंच आहे. बाकी काही लपवलेलं नाही.

आज सकाळी कामावर निघायच्या आधी बाबा स्वतः खाली गाश्पारकडे जाऊन आले. मला वाटलं चिडून आले असतील. तर म्हणाले, "सांगून आलोय. परत येताना पुढची सीट रिकामी ठेवेल. मागे पेट्यांमध्ये बसवू नको म्हटलंय, त्याला लहानपणी गाडीत उलटी व्हायची."

आणि कामाचे बूट घालताना, खाली बघून, "लिही त्याला. जसंच्या तसं सांगायचं. सगळ्यांसमोर सांगितलं तरी चालेल."

व्हॅन गुरुवारी संध्याकाळी पोचते. मी स्टेशनमागे उभी असेन. शुक्रवारी नऊ वाजता आत तुम्ही दोघंच जा. मी बाहेर बाकावर बसेन.

ह्या वेळी एकही शब्द न बदललेली, तुझी वाट बघणारी,
झेलिया